वस्तऱ्याला धार लावण्यासाठी नवशिक्याने पहिला दगड कोणता घ्यावा?

प्रश्न: होटगी रस्ता, सोलापूर

सर्वांना नमस्कार. मी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याच्या प्रोसेसिंग विभागात काम करतो. अर्धे ब्लेड अडकवायच्या वस्तऱ्याने घरीच दाढी करण्याचा हात बसल्यावर मी खऱ्या वस्तऱ्याकडे, म्हणजे ज्याच्या पात्यालाच धार लावावी लागते अशा वस्तऱ्याकडे वळलो. सध्या माझ्याकडे असे दोन आहेत. पहिला नवा असून कारखान्यातून धार लावूनच आला होता. तो अजून चालतो, परंतु हनुवटीखाली हल्ली केस कापण्याऐवजी ओढतो आहे असे जाणवू लागले आहे. दुसरा जुन्या वस्तू विकणाऱ्याकडून घेतलेला आहे. त्याच्या पात्याच्या बुडाशी सोलिंगेन असे कोरलेले आहे, रुंदी ५/८ इंच आहे, पाठीवर गंजाचे काळे डाग आहेत आणि टाचेजवळ, म्हणजे मुठीकडच्या बाजूला, धारेला एक बारीकसे खांडे (खाच) पडलेले आहे.

आता अडचण दगडांची आहे. मंगळवार पेठेत हार्डवेअरच्या दुकानात विचारले, तर सगळीकडे एका बाजूने जाडा आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा करड्या रंगाचा कार्बोरंडमचा दगडच पुढे केला जातो. ऑनलाइन पाहिले तर ४०० पासून ८००० नंबरपर्यंतचे (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) दगड बांबूच्या बैठकीसह अगदी स्वस्तात मिळतात, त्याच पानावर किंग कंपनीचा १०००/६००० चा, म्हणजे दोन बाजूंना दोन नंबर असलेला जोडदगड त्याहून बराच महाग दिसतो आणि "नैसर्गिक १२०००" असे लिहिलेला एक हिरवट-करडा दगडही विकायला असतो. घरी वडील विळी आणि सुऱ्या मागच्या दारच्या शहाबादी फरशीवर घासतात, त्यामुळे त्यांचे म्हणणे असे की दगडावर पैसे घालवण्याची गरजच नाही, हवे तर पाट्याचा काळा दगड सपाट करून घे.

एकदाच, पण योग्य ठिकाणी पैसे घालावेत अशी इच्छा आहे. सुरुवात १००० च्या दगडापासून करावी की एकच बारीक दगड घेऊन भागवावे? शहाबादी किंवा काळ्या दगडाचा काही उपयोग होऊ शकेल का? आणि वस्तऱ्याच्या पाठीला टेप लावून घासावे असे काही जण म्हणतात, तर काही जण त्याला विरोध करतात. त्यामागचे कारण कोणी समजावून सांगेल का?

उत्तर: निवृत्त टूलरूम कारागीर, जुळे सोलापूर

आपण वस्तऱ्यांची माहिती नीट दिली आहे, म्हणून उत्तर देणे सोपे जाते. दगड कोणता घ्यावा हे वस्तऱ्याच्या धारेची आजची स्थिती ठरवते आणि आपल्या दोन वस्तऱ्यांची स्थिती एकमेकांपासून अगदी वेगळी आहे. नव्याची धार मुळात व्यवस्थित बसलेली असून तिची फक्त टोकाची झिलई गेली आहे. जुन्याची धार मात्र नव्याने घडवावी लागणार आहे. पहिल्याला १००० चा दगड लागतच नाही, दुसऱ्याला त्याशिवाय गत्यंतर नाही.

आधी दगडाचे काम काय ते पाहू. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, म्हणजे कोन आपण हाताने धरायचाच नसतो, तो वस्तऱ्याच्या घडणीतच ठरलेला असतो. आपल्याकडे व्हर्नियर (बारीक जाडी मोजायचे साधन) असेल तर पाठीची जाडी आणि धारेपासून पाठीपर्यंतची रुंदी मोजा. समजा रुंदी १८ मिलिमीटर आणि पाठ ५ मिलिमीटर भरली, तर धारेचा एकूण कोन जवळपास १६ अंश येतो. १५ ते २० अंशांच्या दरम्यान कोन असलेला वस्तरा चांगला समजावा. हे मोजमाप दगड मागवण्याच्या आधी करा, कारण बाजारात वस्तऱ्यासारखे दिसणारे पुष्कळ शोभेचे माल असतात, त्यांची पाठ वाकडी किंवा प्रमाणाबाहेर पातळ असते, पोलाद मऊ असते आणि कितीही महाग दगड आणला तरी ते धारेला येत नाहीत. सोलिंगेन हे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे आपला जुना वस्तरा अस्सल असेल तर पोलादाची काळजी नको. फक्त जुनेपणामुळे पाते वाकले नाही ना, एवढे सपाट काचेवर ठेवून उजेडाकडे धरून तपासा.

गंजाचे म्हणाल, तर पाठीवरचे काळे डाग निरुपद्रवी आहेत. सराफ वापरतात तसले १० पटीचे भिंग घ्या आणि गंजाचे खड्डे थेट धारेपर्यंत पोहोचले आहेत का ते पाहा. तसे असेल तर धार लावता लावताच तिचे कण सुटत राहतात आणि निरोगी पोलाद लागेपर्यंत पाते झिजवण्यावाचून उपाय उरत नाही. नवशिक्याने त्या फंदात पडू नये.

आता नंबरांकडे वळतो. जपानी मानकानुसार १००० च्या दगडातील कण सरासरी सुमारे ११.५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, ४००० मध्ये ३ मायक्रॉनचे आणि ८००० मध्ये १.२ मायक्रॉनचे. १००० चा दगड धारेच्या दोन्ही बाजूंचे उतार एकमेकांना एका रेषेत भेटवतो. त्यापुढचा प्रत्येक दगड फक्त आधीच्या दगडाचे ओरखडे पुसून त्याहून बारीक ओरखडे उमटवतो. दोन उतार १००० वरच भेटलेले नसतील तर ८००० वर दिवसभर घासले तरी एक सुंदर चकचकीत आणि पूर्ण बोथट वस्तरा हाती येतो. नवशिक्यांचे बहुतेक प्रश्न नेमके इथे अडकलेले असतात आणि ते मात्र दोष शेवटच्या दगडाला देऊन आणखी महाग दगड शोधू लागतात.

म्हणून माझे मत असे की आपल्यासाठी पहिला दगड १००० चाच, तोही चांगल्या प्रतीचा, आणि दुसरा ८००० च्या आसपासचा. मधला ३००० ते ५००० चा दगड असेल तर काम झरझर होते. नसेल तर ८००० वर बराच जास्त वेळ द्यावा लागतो, पण अडून काही राहत नाही. नॉर्टनचा ४०००/८००० चा जोडदगड आणि वेगळा १००० चा दगड ही जोडी वस्तरे धारेला लावणाऱ्यांमध्ये बरीच वर्षे प्रचलित आहे. किंगच्या १०००/६००० वर धार नक्की येते. ६००० वरची धार दाढी करते, पण चेहऱ्याला थोडी खरखरीत वाटते. क्रोमियम ऑक्साइड (झिलईची हिरवी पेस्ट) चोळलेल्या पट्ट्यावर, म्हणजे वस्तरा फिरवायच्या कापडी किंवा चामडी पट्टीवर, काही वेळा फिरवल्यास ती बरीच सौम्य होते, म्हणून कमी खर्चात सुरुवात करायची असेल तर तो दगड वाईट म्हणता येणार नाही. १२००० चा दगड ही नंतरची चैन आहे.

स्वस्त संचाबद्दल माझा आक्षेप असा आहे की त्यावर छापलेल्या नंबरावर विश्वास ठेवता येत नाही. ८००० लिहिलेल्या दगडात मोठे कण मिसळलेले असले तर भाजी चिरायच्या सुरीला फरक पडत नाही, परंतु वस्तऱ्याच्या धारेवर एकच जाडा कण खोल ओरखडा पाडतो आणि तो गालाला समजतो.

हार्डवेअरच्या दुकानातला कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा दगड कोयत्याला, विळीला आणि सुताराच्या पटाशीला उत्तम आहे. वस्तऱ्यासाठी त्याची बारीक बाजूसुद्धा फार जाडी पडते. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे. त्यातील कॅल्साइटचा कठीणपणा मोहच्या मापावर ३ असतो, तर कडक केलेले पोलाद त्याच्या दुपटीच्या आसपास जाते. वडिलांच्या विळीचे पोलाद मऊ असते आणि फरशीवरची वाळू, माती, गारगोटीचे कण घासण्याचे थोडेफार काम करतात, त्यामुळे तिथे धार आल्यासारखी वाटते. काळा पाषाण, म्हणजे आपल्या दख्खनचा बेसॉल्ट, कठीण आहे, परंतु त्यातील खनिजांचे कण लहानमोठे असतात आणि अनेकदा बारीक पोकळ्याही असतात. पाट्याला टाकी लावून मुद्दाम खडबडीत ठेवतात तो हाच दगड. त्याला कितीही सपाट केले तरी वस्तऱ्याला हवा तसा एकसारखा कण त्यात सापडणार नाही.

टेपबद्दल. घासताना पाठही झिजते आणि जुन्या वस्तऱ्याच्या पाठीवर जी चकचकीत पट्टी दिसते ती त्याच झिजेची खूण असते. इलेक्ट्रिशियनच्या टेपचा एक थर पाठीवर लावला तर ही झीज थांबते आणि कोन पाऊण ते एक अंशाने वाढतो. हा वाढलेला कोन दाढीला बाधक नाही. फक्त एकदा टेप लावून धार घडवली की पुढच्या वेळीही टेप लावावीच लागते, नाहीतर दगड उताराच्या मागच्या कडेवर घासत राहतो आणि धारेपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय टेप झिजते, ती मध्येच बदलावी लागते. खांडे काढण्यासारखे मोठे काम असेल तेव्हा टेप लावावी आणि नेहमीच्या हलक्या कामाला लावू नये, असे बरेच जण करतात. मी मात्र एका वस्तऱ्याला एकच पद्धत ठेवावी या मताचा आहे.

उत्तर: सलून व्यावसायिक, पूर्व भाग, सोलापूर

काकांनी मोजमापाची बाजू उत्तम मांडली आहे. मी धंद्याच्या बाजूने थोडे सांगतो, कारण आमच्या घरी हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. आज आमच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावूनच दाढी होते आणि ते योग्यही आहे. एकच पाते अनेकांच्या गालावरून फिरणे आजच्या काळात धोक्याचे आहे. त्यामुळे निसणा, म्हणजे धार लावायचा छोटा दगड, आणि पट्टा दुकानातून गेले. आपण फक्त स्वतःसाठी वस्तरा वापरता, तेव्हा ती अडचण नाही. मात्र जुना वस्तरा चेहऱ्याला लावण्याआधी निर्जंतुक करून घ्या.

आजोबांच्या धोकटीत जो निसणा असायचा तो तळहाताएवढा, गुळगुळीत आणि फार बारीक कणाचा होता. त्यावर पाण्याचे दोन थेंब किंवा साबणाचा फेस टाकून वस्तरा मोजक्या वेळा फिरवायचा, मग पट्ट्यावर आणि शेवटी तळहातावर. बस्स, दुकान चालू. धार पूर्ण घडवण्याचे किंवा खांडे काढण्याचे काम ते स्वतः करीत नसत, ते शिकलगाराकडे, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिराकडे जाई. म्हणजे न्हाव्याचा दगड हा धार टिकवण्याचा दगड होता, धार बनवण्याचा नव्हे. आजोबांचे एकाच दगडावर भागत होते, मग आपले का भागू नये, असे जे म्हणतात ते शिकलगाराला विसरतात.

आज मात्र जुना वस्तरा सायकलवरच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे देऊ नका. त्याच्यावर माझा राग नाही, विळी आणि कात्री तो सुरेख करून देतो. वस्तऱ्याचे पाते आतून पोकळ घासलेले आणि धारेशी कागदासारखे पातळ असते; कोरड्या चाकावर ते क्षणात तापते, निळसर पडते आणि तेवढ्या भागातले पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते. ते परत येत नाही.

काकांच्या एका गोष्टीशी मात्र माझा थोडा मतभेद आहे. त्यांनी पहिला दगड १००० चा सांगितला. मी म्हणेन की दगडाच्याही आधी पट्टा घ्या. नवा वस्तरा ओढतो आहे असे आपण म्हणता, त्यात दगडाचा काही संबंध नसून पट्ट्यावर फिरवण्यात कमतरता असण्याचा संभव अधिक आहे. पट्ट्याला दोन भाग हवेत, एक कापडाचा आणि एक चामड्याचा. दाढीच्या आधी कापडावर २०-३० आणि चामड्यावर ५०-६० फेऱ्या पुरतात. वस्तरा नेहमी पाठ पुढे ठेवून ओढायचा आणि टोकाला पोहोचल्यावर पाठीवरच उलटायचा, धारेवर कदापि नाही. हात वळवताना पाठ पट्ट्यापासून उचलली गेली की धार त्याच क्षणी दुमडते आणि चामड्यावर चीरही पडते. पट्टा ताठ ओढून धरावा. तो ढिला असेल तर पाते त्यात बुडते आणि धार गोल होते.

आपण कापडाच्याच कारखान्यात आहात, तेव्हा कापडाच्या भागासाठी साधा, घट्ट विणीचा कॅनव्हास सहज मिळेल. तो धुऊन खळ पूर्ण काढून टाका. चादरीचा तुकडा वापरू नका, तिची नक्षी उठावाची असते आणि पाते त्यावरून सपाट जात नाही. चामड्याला उन्हाळ्यात आपल्याकडची कोरडी हवा बाधते, म्हणून रोज वापरण्यापूर्वी कोरड्या तळहाताने ते चोळावे. तेल ओतून ते मऊ करण्याचा मोह टाळा, तेलकट चामडे वस्तऱ्याला पकडत नाही.

प्रश्नकर्ता: होटगी रस्ता

काका आणि दादा, दोघांचेही मनापासून आभार. भिंगाने पाहिले, गंजाचे खड्डे धारेपर्यंत गेलेले नाहीत. कारखान्यातल्या व्हर्नियरने मोजले तर जुन्या वस्तऱ्याची रुंदी १५ मिलिमीटरच्या थोडी वर आणि पाठ साडेचार मिलिमीटर भरली, म्हणजे गणिताने कोन १७ अंशांच्या आसपास येतो. काचेवरही तो सपाट बसतो. नवा वस्तरा पट्ट्यावर नीट फिरवून पाहिला, त्याने फरक पडला, पण पूर्वीसारखा झाला असे म्हणवत नाही.

आणखी दोन शंका आहेत. दुकानात २००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश कागद) मिळतो. मग काचेवर तो चिकटवून १००० आणि २००० च्या दगडांचे काम भागवता येणार नाही का? आणि त्या "नैसर्गिक १२०००" दगडाबद्दल कोणी काहीच बोलले नाही.

उत्तर: मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात

मी नैसर्गिक दगडांच्या नादी लागलेला माणूस आहे, त्यामुळे त्या शंकेचे उत्तर माझ्याकडे. नैसर्गिक दगडाला नंबर नसतो. खाणीतून निघालेल्या दगडातील कण वेगवेगळ्या आकाराचे असतात आणि एकाच खाणीतले दोन दगड सारखे वागतीलच असे नाही. त्यामुळे "नैसर्गिक १२०००" हा विक्रेत्याचा अंदाज, किंवा खरे सांगायचे तर आशावाद आहे. या नावाने जो चिनी दगड मिळतो तो बहुधा वाईट नसतो. तो अतिशय कठीण आणि अतिशय सावकाश काम करणारा असतो. धार आधीच ८००० वर तयार झाली असेल तर तो तिला शेवटची सफाई देऊ शकतो. परंतु नवशिक्याला आपण करतो आहोत ते बरोबर की चूक हे लवकर समजले पाहिजे आणि असा मंद दगड ते समजूच देत नाही.

वस्तऱ्यांसाठी नावाजलेले नैसर्गिक दगड दुसरे आहेत. बेल्जियममधल्या आर्देन भागातला पिवळसर कॉटिक्यूल, ज्यात गार्नेटचे बारीक स्फटिक असतात. जर्मनीतल्या थुरिंगिया भागातले दगड, ज्यांवरची एशर कंपनीची जुनी चिठ्ठी पाहूनच संग्राहक किंमत वाढवतात. आणि क्योटोजवळच्या खाणींचे जपानी दगड. कॉटिक्यूलवर दुसऱ्या लहान दगडाने घासून दाट पाणी तयार केले तर तो वेगाने कापतो आणि ते पाणी हळूहळू पातळ करीत गेले की तोच दगड सफाईचे काम करतो, म्हणजे एका दगडावर सगळा प्रवास होऊ शकतो. ऐकायला हे फार मोहक आहे. पण पाणी केव्हा आणि किती पातळ करायचे हे हाताला समजायला आधी चांगली धार कशी असते हे माहीत असावे लागते, म्हणून पहिल्या खरेदीत हे सगळे वगळा.

वॉटर पेपरच्या बाबतीत आपली कल्पना दिसते त्यापेक्षा चांगली आहे, फक्त नंबरांची गफलत लक्षात घ्या. कागदाच्या पाठीवर नंबराआधी इंग्रजी पी हे अक्षर छापलेले असेल तर तो युरोपीय मानकाचा नंबर असतो. पी २००० म्हणजे सुमारे १०.३ मायक्रॉन, अर्थात जपानी १००० च्या दगडापेक्षा तो किंचितच बारीक. म्हणजे पी २००० चा कागद काचेवर पाण्याने चिकटवून धार बसवण्याचे काम खरोखर करता येते, पण तो १००० च्या दगडाची जागा घेतो, २००० ची नव्हे. त्यानंतर पुढे जायला लागणारे फार बारीक कण दुकानी कागदात सहसा मिळत नाहीत. तिथे लॅपिंग फिल्म, म्हणजे बारीक कण लावलेली प्लॅस्टिकची पातळ फिल्म, उपयोगी पडते. थ्रीएमची अशी फिल्म ९, ३, १ आणि ०.३ मायक्रॉनमध्ये येते, काचेवर पाणी शिंपडून ती पसरली की आपोआप चिकटते आणि काच सपाट असेल तोवर ती सपाटच राहते. आपल्याला धार लावण्याचे काम मुळात आवडते की नाही हे पाहायचे असेल तर ३ आणि १ मायक्रॉनचे दोन तुकडे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. फिल्म लवकर झिजते आणि वस्तऱ्याचा कोपरा रुतला तर फाटते, त्यामुळे दीर्घकाळात दगडच परवडतो.

हिरव्या पेस्टबाबत एक सावधगिरी. भांड्यांना पॉलिश करणाऱ्यांच्या दुकानात मिळणाऱ्या हिरव्या वडीत क्रोमियम ऑक्साइडबरोबर जाडे ॲल्युमिनियम ऑक्साइडही मिसळलेले असू शकते. वस्तऱ्यासाठी शुद्ध क्रोमियम ऑक्साइडच घ्यावे. आणि ते कॅनव्हासच्या किंवा वेगळ्या पट्ट्यावर चोळावे, रोजच्या चामड्यावर नाही.

उत्तर: निवृत्त टूलरूम कारागीर, जुळे सोलापूर

पट्टा आधी घ्यावा, हे सलूनवाल्या दादांचे म्हणणे मला मान्य आहे. मी ते गृहीत धरून लिहिले नव्हते. फिल्मबद्दलची सूचनाही योग्य आहे. आता आपल्या मोजमापांवरून नेमके सांगतो.

नवा वस्तरा १००० च्या दगडाला लावूच नका. त्याच्यासाठी १ मायक्रॉनची फिल्म किंवा ८००० चा दगड घ्या, वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाने मोजक्या फेऱ्या द्या आणि पट्ट्यावर फिरवून पुन्हा दाढी करून पाहा. शिकायचे ते जुन्यावर शिका.

जुन्यासाठी १००० चा दगड घ्या. उताराला काळ्या मार्करने दोन्ही बाजूंनी रंग द्या आणि दोन-चार फेऱ्या मारून भिंगाखाली पाहा. रंग अगदी धारेच्या कडेपर्यंत पुसला गेला असेल तर दगड योग्य ठिकाणी लागतो आहे. कडेशी काळी रेघ उरली असेल तर तिथे दगड अजून पोहोचलेलाच नाही. वस्तरा धार पुढे ठेवून चालवावा आणि चालवताना टाचेकडून टोकाकडे तिरका सरकवत न्यावा, म्हणजे पात्यापेक्षा अरुंद दगडावरही संपूर्ण धार सारखी घासली जाते. चांगले काम चालू असताना धारेच्या पुढे पाण्याची एक अखंड लाट ढकलली जाते आणि ती जिथे तुटते तिथे धार दगडाला टेकलेली नसते. खांडे टाचेजवळ आहे म्हणून फक्त टाचेवर जोर देऊ नका. तसे केले तर धारेची रेघ तिथे आत जाते आणि पुढे तो भाग दगडाला कधीच लागत नाही. संपूर्ण धार समान झिजवत खांड्याच्या तळापर्यंत न्यावी लागेल. वेळ लागेल, पण बारीक खांड्याला १००० चा दगड पुरतो. एवढे घासायचे असल्यामुळे आपल्या वस्तऱ्याला टेप लावाच आणि पुढेही ती लावत राहा.

१००० वरचे काम पुरे झाले की नाही हे ओळखण्यासाठी वस्तरा धार वर करून दिव्याखाली धरा आणि धारेकडे सरळ पाहा. बोथट जागा पांढऱ्या ठिपक्यासारखी चमकते. बसलेली धार दिसतच नाही. त्याबरोबरच धार त्वचेला टेकवून फिरवली असता टाचेपासून टोकापर्यंत तिच्या प्रत्येक भागाने हातावरचे केस सहज कापले गेले पाहिजेत. ही परीक्षा उतरेपर्यंत बारीक दगड पिशवीतून काढू नका. लोंबत्या केसाने धार पाहण्याची परीक्षा पुष्कळ जण सांगतात, परंतु ती केसाच्या जाडीवर फार अवलंबून असते, म्हणून तिला मी शेवटच्या दगडानंतरच थोडीफार किंमत देतो.

दगड सपाट ठेवणे ही खरेदीइतकीच महत्त्वाची बाब आहे आणि त्यासाठी वेगळी डायमंड प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेली सपाट पट्टी) लगेच घ्यायला पाहिजे असे नाही. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा, काचेवर २२० ते ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा आणि सर्व रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड त्यावर घासा. नवा दगडसुद्धा वापरण्याआधी एकदा असा घासून घ्यावा. कडा थोड्या गोल करून ठेवा, म्हणजे धार त्यांवर आपटून बिघडणार नाही. दगड बदलताना वस्तरा आणि हात दोन्ही धुवा. १००० चा एखादा कण ८००० वर गेला की केलेले काम वाया जाते.

पाण्याबद्दल आपल्या शहरासाठी एवढे लक्षात ठेवा की बोअरचे पाणी जड असते आणि सुकल्यावर दगडावर व पात्यावर क्षारांचा पांढरा थर राहतो, म्हणून घरातले फिल्टरचे पाणी वापरावे. किंगचा १००० चा दगड पाण्यात पाच-दहा मिनिटे भिजवून मगच वापरावा, कारण तो पाणी पीत असतो. शॅप्टन कंपनीचे आणि नानिवा कंपनीच्या सुपर मालिकेतले दगड मात्र भिजवून ठेवायचे नसतात, वरून पाणी शिंपडणे पुरते. भिजवलेला दगड लवकर सुकावा म्हणून गच्चीवर उन्हात ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या पुढे असतो, त्या उन्हात बारीक दगडाला तडा जातो. सावलीत, पंख्यापासून दूर, कडेवर उभा करून ठेवावा. वस्तऱ्याला काम संपल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, विशेषतः पावसाळ्यात, आणि मुठीच्या दोन फळ्यांमधले पाणी कोरडे केल्याशिवाय तो मिटू नका.

काच घेताना ती ८ किंवा १० मिलिमीटर जाडीची घ्या, पातळ काच दाबाखाली लवते. काचवाल्याकडे तुटक्या टीपॉयचे तुकडे पडलेले असतात, त्यातला फूटभर लांबीचा एखादा मागून घ्या आणि कडा मारून द्यायला सांगा.

प्रश्नकर्ता: होटगी रस्ता

काका, समजले. पट्टा, पी २००० चा कागद, १ मायक्रॉनची फिल्म आणि काच एवढे या आठवड्यात जमवतो. १००० चा दगड जुन्या वस्तऱ्याच्या खांड्यासाठी लागणारच, म्हणून तो किंगचा वेगळा मागवतो. ८००० चा पुढच्या महिन्याच्या पगारानंतर पाहीन. मार्करच्या परीक्षेत काळी रेघ टोकाकडेच उरत असेल तर दगड वाकडा समजावा की पाते?

उत्तर: निवृत्त टूलरूम कारागीर, जुळे सोलापूर

आधी दगड पुन्हा पेन्सिलीने आखून सपाट करा. तरीही रेघ टोकालाच उरत असेल तर फेरी संपताना मनगट किंचित वर उचलले जात असते. कोपर खाली घेऊन पाहा. दोन्ही करूनही एकाच बाजूला रेघ राहिली आणि उलट्या बाजूला राहिली नाही, तर पात्याला पीळ आहे असे समजा. थोडासा पीळ असलेला वस्तरा अरुंद दगडावर, टोकाकडे हलकेच वळवत घासून धारेला आणता येतो. अशा वेळी ७५ मिलिमीटर रुंदीच्या दगडापेक्षा ५० मिलिमीटरचा दगड अधिक सोयीचा पडतो, म्हणून किंगचा दगड मागवण्यापूर्वी ही परीक्षा काचेवर चिकटवलेल्या कागदाच्या अरुंद पट्टीवर करून घ्या.